नऊ नंबरच्या नमुन्यातल्या सात पेशी

प्रिय अक्का,

तुझी माफी मागायची आहे, म्हणून लिहितेय. तू समोर असतीस तर मागितली नसती, मी कशी आहे ते तुला ठाऊक आहेच. तुला जाऊन दोन वर्षं होऊन गेली. आज सकाळी तुझी जुई कॉलेजला गेल्यावर मी जळगावात मेहरूणच्या या घरात कागद घेऊन बसलेय. ती चार वाजता येईल. तिच्यासमोर मला हे लिहिता येणार नाही, त्यामुळे त्याआधी संपवायचंय.

छातीतली गाठ तू पाच महिने लपवलीस म्हणून मी तुला नाही नाही ते बोलले होते. अक्का, या उन्हाळ्यात मीही लपवलं. अकरा दिवस. आणि या अकरा दिवसांत मी जे केलं ते तू पाच महिन्यांतही केलं नसतंस.

रावेरचं तुझं स्वयंपाकघर आठवतं? जुईची दहावीची परीक्षा संपली त्या संध्याकाळी तू फोन केलास, ‘कल्पी, एक दाखवाचं होतं तुले.’ मी पुण्याहून निघाले ती थेट तुझ्याकडे. तू नुकतीच केळीच्या पॅकिंगवरून आली होतीस. साडीवर चिकाचे काळे डाग, हात अजून ओले. दार लोटून तू पदर बाजूला केलास आणि माझा हात धरून तिथे ठेवलास. लिंबाएवढी गाठ होती गं!

मी ओरडले. ‘पाच महिने? पाच महिने काय करत होतीस तू? मी मेले होते का?’ तू भिंतीला टेकलीस आणि एवढंच म्हणालीस, ‘मले भेव वाटलं.’ त्यावर मी, तुझी शिकलेली बहीण, काय म्हणाले? ‘भीती वाटली म्हणून कुणी गप्प बसतं का? अडाण्यासारखं!’

तू ओट्यावरचं पातेलं उचललंस आणि माझ्यासाठी चहा टाकलास.

पुढचं सगळं तुझ्याच अंगावरून गेलं, तुला काय सांगू? धुळ्याला ऑपरेशन, मग केमो. केस गेले आणि परत आले ते कुरळे. आरशात बघून तू किती हसलीस! दोन वर्षं सगळे रिपोर्ट चांगले आले. मग पाठ दुखायला लागली. तू म्हणालीस, क्रेट उचलून दुखते. मीही म्हणाले, क्रेट उचलूनच असेल. मी म्हणाले, अक्का! प्रयोगशाळेत आयुष्य घालवलेली मी! तोवर ते तुझ्या मणक्यांत पसरलं होतं.

मी पुण्यातलं काम सोडून जळगावच्या कॉलेजात आले ते तेव्हा. धुळ्याच्या डॉक्टरबाईंना मी एकच विचारलं होतं, मधली दोन वर्षं हे होतं कुठे? त्या म्हणाल्या, मूळ गाठीतून थोड्या पेशी सुटतात, रक्तातून फिरतात आणि कुठेतरी जाऊन दडून बसतात. ‘मग रक्तात दिसत नाहीत?’ ‘दिसतील हो, पण सापडायला नकोत का? चमचाभर रक्तात अब्जावधी पेशी, त्यात त्या चार-दोन.’

मी तोवर पाणी तपासायच्या चिप बनवत होते. एकदा एक चिप तुला दाखवायला आणली होती. पारदर्शक रबराचा तुकडा, काचेवर चिकटवलेला, आत केसाहून बारीक नळ्या. तू पलंगावर पडल्या पडल्या ती खिडकीच्या उजेडात धरलीस. ‘एवढुशा काचात रगत जाईन?’ मी म्हटलं, जाईल, आणि त्यातून तसल्या पेशी वेगळ्याही काढता येतील. तू ती माझ्या हातात परत दिलीस. ‘मंग माह्यं घाल ना त्याच्यात.’

तयार नव्हती, अक्का. तू गेल्यावर सव्वा वर्षानं तयार झाली.

काय बनवलं ते तुला सांगायचं राहिलंय. नेहमीच्या पद्धतीत या पेशींना ओळखायला त्यांच्या अंगावर रंगाची खूण चिकटवतात. ती चिकटायला पेशीच्या अंगावर एक ठरावीक गोष्ट लागते. पण काही पेशी नेमकी तीच गोष्ट टाकून देतात आणि निसटतात. म्हणून आम्ही खूण लावतच नाही. रक्तातल्या तांबड्या पेशी आधी काढून टाकायच्या आणि उरलेलं वळणावळणाच्या नळीतून सोडायचं. मोठ्या पेशी आपोआप एका कडेला येतात. मग त्यांना अगदी अरुंद फटीतून जावं लागतं आणि तिथे कॅमेरा त्यांचे फोटो घेतो. किती मोठी आहे, किती मऊ आहे, फटीतून जाताना कशी ताणली जाते, यावरून ओळखायचं. बस्स.

हे सगळं खरंच जमतंय का ते बघायला धुळ्याहून रुग्णांचं रक्त यायचं. आणि मशीन उगाच घाबरवत नाही ना, हे कळायला निरोगी माणसांचंही रक्त हवं होतं. बारा जणांनी लेखी संमती देऊन रक्त दिलं. त्यातली एक मी. नावं कुठेच नाहीत, नुसते आकडे. कुठला आकडा कुणाचा, ती यादी नसीमच्या कपाटात कुलपात. नसीम आमच्याकडे रक्त काढते. इथलीच, शनिपेठेतली, पंधरा वर्षं हेच काम करतेय. सुई कधी टोचली ते कळत नाही अशी तिची ख्याती.

अकरा नमुन्यांत मोठी पेशी एकही नाही, फार तर एक. नवव्यात सात.

मी ते फोटो सावकाश पाहिले. गोल, फुगीर. प्रत्येक पेशी फटीच्या तोंडाशी येऊन क्षणभर थबकते, मग लांबट होते आणि पलीकडे निघून जाते. धुळ्याहून येणाऱ्या नमुन्यांत मी अशा शेकडो पाहिल्यात. मला वाटलं, अरेरे, कुणाचा असेल हा? कुणाला सांगावं लागणार आता?

सगळं काम संपल्यावर यादी उघडली. नसीम एकेक नाव वाचत होती, मी लिहून घेत होते. आठ झालं. ‘नऊ,’ ती म्हणाली आणि हसली, ‘नऊ तर तुम्हीच, मॅडम.’

मीही हसले. ‘हो का?’ म्हणाले आणि लिहून घेतलं. दहा, अकरा, बारा. माझं अक्षरही बदललं नाही. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि भिंतीला धरून उभी राहिले.

संमतीच्या कागदावर मीच लिहिलं होतं, ‘या चाचणीवरून कोणत्याही आजाराचे निदान होत नाही.’ लोकांना ते वाक्य मी बोट ठेवून वाचून दाखवायचे. आता तेच स्वतःला म्हणत होते, दिवसातून शंभरदा. काही उपयोग नाही गं! मन ऐकतच नाही. स्कूटर तलावाच्या कडेने चालवताना एकदम वाटायचं, आत्ता या क्षणी त्या सात कुठे असतील? सातच आहेत का? मणक्यात उतरल्या असतील का?

आंघोळ करताना हात आपोआप जायचा. रोज काहीतरी लागायचं. आज इथे कडक, उद्या तिथे. बरगडीसुद्धा मला गाठ वाटली. दुसऱ्या बाजूची बरगडी तशीच आहे का हे चाचपत मी पाच-पाच मिनिटं उभी राहायचे. जेवण उतरत नव्हतं. असोद्याहून आईचा फोन आला की मी मुद्दाम मोठ्यानं, हसून बोलायचे. एक लेक गेलेल्या बाईला काय सांगायचं होतं मी?

दवाखान्यात का नाही गेले, असं विचारशील. तुला विचारायचा हक्क आहे. मी रोज ठरवायचे, उद्या जाऊ. न जाता निदान ‘नसेल’ असं म्हणता येत होतं. गेले आणि ‘आहे’ म्हणाले तर? तू त्या पाच महिन्यांत रोज सकाळी हेच म्हणत उठायचीस ना? आणि वर पॅकिंगवर जायचीस, केळीच्या फण्या धुवायचीस, जुईचा डबा करायचीस. मला कसं कळलं नाही?

आता जे सांगते ते वाचून तुला माझी लाज वाटेल. सहाव्या दिवशी निकालांचा तक्ता करायला घेतला. नवव्या रांगेवर आले आणि सातचा आकडा लिहिता येईना. लिहिला तर कुणीतरी विचारणार, हा कोण? मी तिथे लिहिलं, ‘रक्त साकळले, नमुना वगळला.’ इतकं सोपं होतं ते, अक्का! एक ओळ. रक्त साकळलं नव्हतं. मी खोटं लिहिलं. उद्या या मशीनवर विसंबून कुणाच्या तरी आईला ‘रक्तात तसल्या पेशी आहेत’ म्हणून सांगतील, ते मशीन कुठे चुकतं हे दाखवणारी एकमेव ओळ मी पुसून टाकली. फक्त मला ती बघवत नव्हती म्हणून.

अकराव्या दिवशी जुईनं पकडलं.

रविवार होता. ती भाजी निवडत होती, मी समोर पेपर धरून बसले होते. ती वर न बघताच म्हणाली, ‘मावशी, तू सारखी काखेत का दाबून बघतेस?’

‘कुठे? छे!’

‘आत्ता बघत होतीस.’ तिनं मेथीची जुडी खाली ठेवली. ‘आईपण असंच करायची. दहावीचा अभ्यास करताना मी बघायचे. मला वाटायचं तिला घामोळं आलंय.’

मी सगळं सांगून टाकलं. सात पेशी, यादी, खोटी ओळ, सगळं. ती एकवीस वर्षांची पोर, तुझ्यासारखी खालचा ओठ दाताखाली धरून ऐकत होती. माझं संपल्यावर मला वाटलं आता ही ओरडेल. ओरडायलाच हवं होतं.

ती म्हणाली, ‘तू आईला ओरडलीस ना, तेव्हा मी दाराआड होते. त्यानंतर आई तुला काही सांगायची नाही. दुखायला लागलं तरी आधी मला सांगायची आणि म्हणायची, मावशीले सांगू नको.’ मग उठली, हात धुतले. ‘मी नाही ओरडणार. तू आधी जेव. उद्या आपण धुळ्याला जाऊ.’

हे मला माहीत नव्हतं, अक्का. पाठ तुला मी समजत होते त्याच्या आधीपासून दुखत होती? माझ्या ओरडण्याच्या भीतीनं तू थांबलीस? याचं उत्तर मला आता कुणाकडून मिळणार?

सोमवारी सकाळी निघण्याआधी मी नसीमला फोन करून खरं काय ते सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, ‘मॅडम, तुमची पहिली ट्यूब फेकली नव्हती.’

‘म्हणजे?’

‘अहो, सगळ्यांची पहिली छोटी ट्यूब आपण फेकतो ना? सुईबरोबर शिरेच्या आतलं थोडं खरवडून येतं म्हणून. तुमची शीर सापडत नव्हती, तीनदा टोचलं. मी म्हटलं, अजून एक भरू द्या. तुम्ही म्हणालात, राहू दे, हीच घे, मला मीटिंगला जायचंय. या अल्ला, मी तेव्हाच हट्ट करायला पाहिजे होता!’

मला ते सगळं आठवलं. तो नियम मीच केलेला होता.

तरी आम्ही गेलोच. जुई ऐकेना. धुळ्याच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली होती आणि तिनं माझं मनगट धरून ठेवलं होतं, मी उतरून पळून जाईन अशासारखं. पारोळ्याला बस थांबली तेव्हा मला खरंच उतरावंसं वाटलं.

तुझ्याच डॉक्टरबाई. केस पांढरे झालेत त्यांचे. मॅमोग्राफी झाली, सोनोग्राफी झाली. त्यांनी फोटो दोनदा पाहिले आणि म्हणाल्या, ‘काही नाही. आज तरी काही नाही.’ जुईनं टेबलावर डोकं टेकलं आणि रडायला लागली. मला रडू आलं नाही. मी ‘आज तरी’ला अडकले होते.

मग त्यांनी चष्मा काढला. ‘घरात अजून कुणाला होतं?’ मी सांगितलं, आईची धाकटी बहीण, पोटात पाणी होऊन गेली, चाळिशीतच. ‘अंडाशयाचा असणार,’ त्या म्हणाल्या. त्यांनी जुईकडे बघितलं. ‘ही त्यांचीच मुलगी ना? मग दोघींनाही सांगायला हवं. तुमच्या बहिणीला मी रक्त तपासायला सांगितलं होतं. आजारासाठी नाही, जनुकासाठी. घरात पिढ्यान्‌पिढ्या उतरत आलंय का ते बघायला. त्या नाही म्हणाल्या.’

‘का?’ जुईनं विचारलं.

डॉक्टरबाईंनी चष्मा पुन्हा घातला. ‘म्हणाल्या, असं काही निंघालं त माह्या पोरीचं लगन कोन करीन?’

अक्का, हे तू मला सांगायला हवं होतंस. रागावून नाही म्हणत गं, आता राग उरलेलाच नाही. पण सांगायला हवं होतंस. मी ओरडले असते, हो, नक्की ओरडले असते. तरीही.

परतीच्या बसमध्ये जुई पुन्हा खिडकीशी बसली. एरंडोल मागे पडल्यावर म्हणाली, ‘मावशी, आईनं हे माझ्यासाठी लपवलं की माझ्यापासून?’ तूच सांग, काय उत्तर द्यायचं होतं मी?

त्या दिवशी मी जनुकाच्या तपासणीसाठी माझं रक्त देऊन आले होते. पुढच्या आठवड्यात नसीमनं माझे नमुने पुन्हा घेतले, दोन वेगवेगळ्या दिवशी, पहिली ट्यूब बाजूला ठेवून. एकदा शून्य, एकदा एक. बाजूला ठेवलेल्या ट्यूबही मशीनमधून सोडल्या, त्यात पाच आणि चार. त्या पेशींना मग आम्ही रंग लावून पाहिलं. शिरेच्या आतल्या अस्तराच्या निघाल्या. सुईनं खरवडून आलेल्या. आधीच्या सात मात्र तेव्हाच वाहून गेल्या, त्या कुणाच्या होत्या ते खात्रीनं कधीच सांगता येणार नाही. आमच्या मशीनला आकार कळतो, मऊपणा कळतो. पेशी आली कुठून हे त्याला कळत नाही. रंगाशिवाय काम चालतं हा माझा केवढा अभिमान होता!

तक्त्यात नववी ओळ मी परत लिहिली, सातच्या आकड्यासह. खोटं लिहिलं होतं हेही परवानगी देणाऱ्या समितीला लेखी कळवलं. त्यांनी मला बोलावलं. त्या सगळ्यांसमोर उभं राहून मी सांगितलं, हो, घाबरून केलं. आता सगळे निकाल दुसरी व्यक्ती पहिल्यापासून तपासणार आहे आणि तोवर मी नमुन्यांना हात लावायचा नाही. बरोबर आहे त्यांचं. नसीम मात्र रोज येऊन माझ्याबरोबर डबा खाते.

इथे संपलं असतं तर किती बरं झालं असतं!

परवा जनुकाचा रिपोर्ट आला. आहे, अक्का. माझ्यात आहे. गाठ नाही, आजार नाही, पण ते बिघडलेलं जनुक आहे. तुझ्यातही असणारच. दोन वर्षं मी चमचाभर रक्तात चार-दोन दुर्मिळ पेशी शोधत बसले आणि हे तर माझ्या प्रत्येक पेशीत आहे. जन्मल्यापासून. सुईनं खरवडून आलेलं नाही, पुन्हा रक्त काढलं म्हणून जाणारं नाही.

मी भितेय गं. सकाळी दात घासताना भिते, वर्गात शिकवता शिकवता मध्येच भिते. डॉक्टरबाई म्हणतात, दर सहा महिन्यांनी तपासू, ऑपरेशनचंही बोलू, घाबरायचं काही नाही. घाबरायचं काही नाही असं म्हणताना त्या माझ्याकडे न बघता फाइलकडे बघत होत्या.

पण माझी भीती एकवेळ मी सोसेन. जुईचं काय? तिच्यात ते आलं असेल, नसेलही. मी म्हटलं, फार्मसीचं शेवटचं वर्ष आहे, परीक्षा होऊ दे. ती म्हणाली, ‘न कळता मी कशी पास होणार?’ वडिलांशी तीच बोलली. रावेरहून भाऊजी सोमवारी परस्पर धुळ्याला येणार आहेत. फोनवर त्यांनी मला वेळ दोनदा विचारली. शेवटी म्हणाले, ‘पोरीले एकटी नको सोडजो.’

नाही सोडणार. सोमवारी ती रक्त देईल तेव्हा मी शेजारी असेन. मग तीन-चार आठवडे वाट बघायची आणि मग रिपोर्टचं पाकीट येईल.

तुला शब्द देते, अक्का. ते पाकीट तिचं आहे, तीच उघडेल. त्यात काहीही असो, मी तिच्याआधी बोलणार नाही. रडेल, चिडेल, माझ्या अंगावर ओरडेल, दार आपटून निघून जाईल, जे काही तिला वाटेल ते तिचं वाटून होऊ दे. मी तिथेच बसून राहीन. ती विचारेल तेव्हाच तोंड उघडीन आणि विचारेल तेवढं खरं सांगेन.

फाटक वाजलं. आली ती.

तुझी,
कल्पी